विहीणबाई, पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं असतं

विहीणबाई, तुमच्यासारखी वाईट वाचक मी दुसरी पाहिली नाही.

सगळी नोकरी मी मुलांना वाचायला शिकवण्यात घालवली. ओळ गाळणारी, जोडाक्षराला अडखळणारी, बोट ठेवून वाचता वाचता पेंगणारी मुलं पाहिली. पण निम्म्यावर पुस्तक मिटून ‘बास, कळलं मला याला काय म्हणायचंय’ असं म्हणणारं माणूस तुमच्याआधी भेटलं नव्हतं. लेखकानं जन्म घालवून लिहिलेलं तुम्हाला मधल्या पानापर्यंतच कळायचं. आणि जेवढं कळायचं तेवढ्यावर तुम्ही पुढे महिनोन्‌महिने भांडायचात.

तुमचा तेरावा झाला. पाहुणे पांगले, मीही धारूरला परत आले. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. तुमच्या यजमानांच्या, अण्णासाहेबांच्या राजकारणात घरची चूल कधी विझली नाही, दारात आलेला कुणी उपाशी परतला नाही. खरं आहे. पण ते सांगायला युसूफ वडगावात माणसं पुष्कळ आहेत. मला तुमच्याशी भांडायचंय. आणि भांडण मध्येच टाकून उठायची तुमची सवय मला या वेळी फार जड जाते आहे.

माझ्या वैशालीच्या लग्नात तुम्ही मला पहिल्यांदा नीट दिसलात. मानपानाच्या साड्यांवरून तुमच्या जावा एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या आणि मी मुलीची आई म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. तुम्ही जवळ आलात. मला वाटलं, आता काहीतरी उणंदुणं निघणार. तुम्ही माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे बोट केलंत.

‘कसलं हाय?’

‘कादंबरी आहे.’

‘म्हणजे खोटं.’

‘खोटं नाही, रचलेलं असतं.’

‘रचलेलं म्हणजे खोटंच की. आमच्या बैठकीत सकाळपासून रचलेलंच ऐकते मी. खरं काय असंल तर द्या.’

मी खरी पुस्तकं पाठवायला लागले. शेख मामू तुमच्या गावचे फळवाले. सीताफळं घ्यायला ते टेम्पो घेऊन धारूरला यायचे, आणि हंगाम नसला तरी दुसऱ्या काही मालासाठी त्यांची फेरी असायचीच. त्यांच्या सीटमागे पुस्तकाची पिशवी जायची, परत यायची. माझ्या निम्म्या पुस्तकांना अजून सीताफळाचा वास येतो.

पहिलं दिलं ते बर्फातल्या मोहिमेचं. जहाज घेऊन ध्रुवाकडे निघालेली माणसं, बर्फात अडकलेली, बोटं झडलेली. ते वाचताना मी दोन दिवस धड जेवले नव्हते. तुमचा दुपारी फोन आला.

‘इहीणबाई, हे लोक तिकडं कावून गेलते?’

‘ध्रुवाचा शोध लावायला.’

‘तो काय हरवला होता का?’

मी समजावून सांगायला लागले. माणसाची जिद्द, विज्ञान, नकाशे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘ते समदं ठीक हाय. पण घरी बायकापोरं ठिवून गेलेत. त्यांचं काय झालं, ते लिहिलंच न्हाई.’

‘लिहिलंय. शेवटी एक अख्खं प्रकरण आहे त्यावर.’

‘असंल. मी जहाज फुटलं तिथंच मिटलं.’

मला इतका राग आला की मी ते प्रकरण तुम्हाला सांगितलंच नाही. स्वतः वाचा म्हटलं. तुम्ही वाचलं नाहीत.

मग यशस्वी माणसांच्या सवयींचं पुस्तक. ते मलाही फार आवडलं नव्हतं, पण कुणीतरी भेट दिलं होतं. पहाटे उठणाऱ्याची भरभराट होते, असं त्यात पहिल्याच प्रकरणात होतं. तुमचा फोन लगेच. ‘लग्न झाल्यापासून मी कोंबड्याच्या आधी उठते. माझी काय भरभराट झाली ते त्याला इचारून सांगा.’ पुस्तक तुम्ही अण्णासाहेबांच्या उशाशी ठेवलंत. ते आपले ऊन वर आल्यावर उठायचे आणि तरी तालुक्यात त्यांचंच चालायचं. त्या लेखकाची सगळी मांडणी तुमच्या घरात दोन दिवसांत मोडीत निघाली, हे मला मान्य आहे.

मनाच्या आजारांवरचं पुस्तक पाठवलं तेव्हा मात्र मी कपाळाला हात लावला. आठवड्यात तुम्ही निम्मं गाव आजारी ठरवलंत. थोरल्या जावेला एक रोग, अण्णासाहेबांना दोन. मी म्हटलं, ‘अहो, लेखकानं पुढे स्पष्ट लिहिलंय, पुस्तक वाचून घरच्या घरी कुणाचं निदान करू नका.’

‘मग ते आधी लिहायचं ना. माझं करून झाल्यावर सांगून काय उपयोग?’

वैशाली मला चोरून फोन करायची. ‘आई, सासूबाईंशी इतक्या जोरात भांडू नकोस. मला इथं राहायचंय.’ मग म्हणायची, ‘पण तुझा फोन झाला की त्या चहा स्वतः करतात. मलाही देतात.’ हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चहा बंद केला असतात.

आता एका वेगळ्या पुस्तकाबद्दल. ऊसतोडीच्या.

माझी निम्मी नोकरी शिरूर कासारला झाली, हे तुम्हाला ठाऊक होतं. दिवाळी झाली की माझा वर्ग रिता व्हायला लागायचा. टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या, आईबापांबरोबर पोरंही. त्या पोरांची नावं हजेरीत असायची आणि जागा रिकाम्या. म्हणून एका अभ्यासक बाईनं ऊसतोड कुटुंबांवर लिहिलेलं पुस्तक मी वाचलं तेव्हा पानोपानी थांबावं लागलं. त्यात एक प्रकरण बायांचं होतं. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या तरण्या बायांना पुढच्या आजाराची भीती घालून त्यांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्या, त्याचं. पुस्तक मी मुद्दाम तुम्हाला पाठवलं. तुमच्या बैठकीत टोळ्या जमवणारे मुकादम चहा प्यायचे. मला वाटलं, ह्या घरात हे कुणीतरी वाचायला पाहिजे.

फोन आला नाही. शेख मामूंनी पिशवी आणून दिली आणि म्हणाले, ‘मॅडम, वहिनीसाहेब या वेळेला काय बोलल्याच न्हाईत. नुसती पिशवी हातात दिली.’

मग नातीच्या जावळाला आपण भेटलो. तुम्ही मला माजघरात गाठलंत.

‘असली पुस्तकं मला धाडू नका. आपल्या भागाचं नाव खराब करायला लिहितात.’

‘विहीणबाई, ती पोरं मी माझ्या डोळ्यांनी जाताना पाहिली आहेत.’

‘पोरांचं खरं असंल. पण निम्मं खोटं हाय.’

‘कुठलं निम्मं?’

 पाहुण्यांना वाढायचंय म्हणून उठून गेलात. मी मनात म्हटलं, झोंबलं. मोठ्या घरच्या बाईला गरिबांचं दुःख पुस्तकात बघवत नाही. तो अख्खा उन्हाळा आपण बोललो नाही. पावसाळ्यात तुमचा फोन आला तो लांबून उडत येणाऱ्या पक्ष्यांच्या पुस्तकाबद्दल, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. ‘हे पक्षी येवढ्या लांबून येतात अन् वाट चुकत न्हाईत. आमचे कार्यकर्ते केजला जाऊन चुकतात.’ मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तुमचं पोट दुखायला लागलं.

तपासण्या झाल्या. आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, मग औषधं देऊ. हमी नाही, पण आशा आहे. वेळेवर आलात. हे शब्द मला संदीपनं फोनवर जसेच्या तसे सांगितले. आणि पुढे म्हणाला, ‘आई न्हाई म्हणती. अण्णांनी सांगून बघितलं, मी पाया पडलो. आता तुमीच बोला. तुमचं ऐकंल.’

माझा जावई इतका हुशार, पण स्वतःच्या आईला त्यानं ओळखलं नव्हतं. माझं तुम्ही कधी ऐकलं होतंत?

मी फोन केला तर तुम्ही मलाच माझं पुस्तक ऐकवलंत. एका म्हाताऱ्या डॉक्टरनं आपल्या रुग्णांच्या शेवटच्या दिवसांवर लिहिलेलं ते पुस्तक मीच पाठवलं होतं, तुम्ही धडधाकट असताना. ‘डॉक्टर स्वतःच लिहितोय, इहीणबाई. माणसाला आपल्या घरात राहायचं असतं अन् आमी त्याला नळ्या लावून ठिवतो. मग?’

‘मग काय? तो शेवटाबद्दल लिहितोय. तुमचा शेवट आलेला नाही. पुढचं निम्मं वाचा, तिथे तो उलट बाजूही मांडतो.’

‘मला कळलंय त्याला काय म्हणायचंय.’

त्या दिवशी मी फोन आपटला. आयुष्यात कुणाचा फोन मी आपटला नव्हता. अर्धं पुस्तक वाचून माणूस भांडला तर चालतं. अर्धं पुस्तक वाचून माणूस मरायला निघाला, तर त्याचं काय करायचं?

मी एसटी धरून युसूफ वडगावला आले. तुमच्या खोलीत खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, तुम्ही नाही वाचणार तर मी वाचून दाखवते. तुम्ही लोडाला टेकून मेथी निवडत होतात. म्हणालात, ‘वाचा. माझे हात मोकळे न्हाईत, पण कान हायेत.’

दोनतीन दुपारी वाचलं. मी काही गाळलं नाही. तो डॉक्टर लिहितो की भीतीनं उपचार लांबवलेली माणसंही त्यानं पाहिली, आणि ती नंतर हळहळली. एका कुंभाराची गोष्ट सांगतो. वेळेवर ऑपरेशन झालं आणि तो पुढे कितीतरी वर्षं चाकावर बसला. तिथे माझा आवाज जरा चढला असेल. तुम्ही निवडलेली मेथी परत निवडत होतात, म्हणजे लक्ष देऊन ऐकत होतात. दारात वैशाली हात पुसत उभी राहायची. शेवटचं पान झालं.

‘झालं?’

‘झालं.’

‘चांगलं लिहिलंय. मला पटलं न्हाई.’

मी पुस्तक गादीवर टाकलं आणि तोंडाला येईल ते बोलले. हट्टी आहात म्हटलं, घमेंडी आहात म्हटलं, नातीचा तरी विचार करा म्हटलं. तुम्ही वैशालीला चहा करायला पाठवलंत. ती गेल्यावर आवाज खाली आणून म्हणालात,

‘तुमच्या त्या ऊसतोडीच्या पुस्तकात बायांचं लिहिलंय ना. ते खोटं न्हाई.’

मला आधी कळलंच नाही, तुम्ही कुठून कुठे गेलात ते.

‘संदीप रांगत होता तवा माझं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. सासरे अन् डॉक्टर बाहेर बाकड्यावर बसून बोलले. मला आत नेलं. पिशवी काढली, ते मला घरी आल्यावर मोठ्या जावंनं सांगितलं. मी काय ऊस तोडायला गेलते का? चांगल्या घरची सून होते. तरी कुणी इचारलं न्हाई.’

 तुमची बोटं चाललेलीच होती.

‘आता समदे इचारायलेत. डॉक्टर इचारतो, संदीप इचारतो, हे इचारतात, तुमी एसटीनं येऊन इचारता. इचारलंय ना? मग न्हाई म्हणू द्या.’

आणि विहीणबाई, मी तेव्हाही भांडले. ते आठवलं की माझा मलाच अचंबा वाटतो. पण तुमच्यापुढे मला दुसरं येत काय होतं? मी म्हटलं, ‘तेव्हाचा डॉक्टर वेगळा, हा वेगळा. त्याचा राग ह्याच्यावर काढून तुम्ही स्वतःचा जीव घालवताय. विचारलं म्हणजे हो म्हणायचीही मोकळीक असते.’

‘असती की. मला न्हाई म्हणायचंय.’

‘हे काही कारण झालं का?’

‘तुमच्यासाठी न्हाई झालं. माझ्यासाठी झालं.’ मग चहाचे कप वाजले तसं तुम्ही घाईनं म्हणालात, ‘हे माझ्या माघारी सांगा कुणाला सांगायचं तर. माझ्यासमोर नको. मला कीव नको कुणाची.’

म्हणून आज लिहिते आहे.

पुढचं मला सांगायला आवडत नाही, पण तुम्हाला खरंच हवं असायचं. त्या म्हाताऱ्या डॉक्टरनं लिहिलेलं शांत, उशाशी माणसं बसलेलं मरण तुम्हाला मिळालं नाही. माणसं होती, शांतता नव्हती. हिवाळा बरा गेला. तुम्ही शेतावर गेलात, हुरडा खाल्लात, नातीला पाढे शिकवलेत आणि चुकीचे शिकवलेत. मग दुखणं सुरू झालं. गोळ्या पुरेनात. वैशालीनं तुमचं सगळं केलं, आणि तुम्ही तिला ‘हळू, बये’ यापलीकडे कधी बोलला नाहीत. मी आले की तुमच्या कपाळाला घाम असायचा आणि मला वाटायचं, आता तरी म्हणतील, चुकलं माझं. तुम्ही म्हणायचात, ‘वाचा काय तरी.’ मी पक्ष्यांचं पुस्तक वाचायचे. कुठला तरी समुद्र ओलांडता ओलांडता तुम्हाला डोळा लागायचा. मी मग आवाज न करता पुढे वाचत राहायचे, कारण थांबले की तुम्ही जाग्या व्हायचात.

तुमचं चुकलं, असं मला वाटतं. आजही वाटतं. तुम्ही आणखी काही वर्षं जगला असतात. नातीची शाळा पाहिली असती, माझी पुस्तकं अर्धी वाचून परत पाठवली असती. त्या बाकड्यावर बसून तुमचा निकाल लावणारी दोन माणसं कधीच मरून गेली असतील. त्यांना उत्तर द्यायला तुम्ही स्वतःला खर्ची घातलंत, असं मला राहून राहून वाटतं. तुम्ही म्हणाला असतात, उत्तर त्यांना न्हाई दिलं. मग कुणाला दिलंत? हे विचारायचं राहून गेलं.

आणि एवढं करून तुम्ही मला दहाव्याच्या दिवशी कुठे नेऊन उभं केलंत, ते ऐका.

ओसरीत बायका बसल्या होत्या. तुमच्या थोरल्या जाऊबाई पदर सावरून म्हणाल्या, ‘पैसा हाय, गाड्या हायेत. अन् बाईला घरात कुजू दिलं. सून शिकलेली. नेलं असतं दवाखान्यात तर आज...’ दुसरी म्हणाली, ‘सासू असल्यावर सुनेला अडचणच की.’ वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं. तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर सांडलं.

विहिणीनं दुसऱ्याच्या ओसरीत तोंड उघडू नये, हे मलाही कळतं. मी उठून उभी राहिले.

‘त्यांना दवाखाना दाखवला होता,’ मी म्हटलं. ‘ऑपरेशन करा म्हणून अण्णासाहेबांनी सांगितलं, संदीप पाया पडला, ही माझी पोरगी रडली. मी स्वतः ह्या घरात येऊन त्यांच्याशी भांडले. त्यांनी सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. शरीर त्यांचं होतं. ठरवलं त्यांनी. माझ्या लेकीला बोल लावू नका, आणि त्यांना समजत नव्हतं असंही म्हणू नका. त्यांना सगळं समजत होतं.’

‘तुमाला लई म्हाईत,’ जाऊबाई म्हणाल्या.

‘हो. मला माहीत आहे.’

अण्णासाहेब बैठकीच्या दारात येऊन उभे राहिले होते.  त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली.  थोड्या वेळानं कुणीतरी शेंगांच्या भावाचा विषय काढला.

इतकी वर्षं तुमची एकही गोष्ट मी मान्य केली नाही. आणि तुमची बाजू मांडायची वेळ आली ती तुमच्याच ओसरीत, तुमच्याच जावांसमोर, तुम्ही नसताना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘जरा जोरात बोला, मागच्यांना ऐकू यायला न्हाई.’

दुपारी बायका गेल्यावर वैशाली आणि मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो.  हातातलं ताट पुसता पुसता ती म्हणाली, ‘आई, तुला त्यांचं खरंच पटलं होतं?’

‘नाही.’

‘मग तिथं कावून बोललीस?’

तिच्या तोंडी ते ‘कावून’ ऐकलं. आमच्या घरात तो शब्द नव्हता. मी म्हटलं, ‘मला पटायची त्यात गरजच नव्हती.’

वैशाली म्हणाली, ‘त्या असत्या ना, तर म्हणाल्या असत्या, येवढं कळायला तुमाला येवढी पुस्तकं लागली का.’

तुमचा आवाज तिनं इतका हुबेहूब काढला, विहीणबाई, की सुतकाच्या घरात, तुमच्याच ओट्यापाशी, आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन हसत सुटलो. मग तिला रडू आलं, आणि मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

माझा राग तेवढ्यानं गेलेला नाही, हे मात्र समजून असा.